विमानाचं ब्रेक पेडल फुसकं लागतंय? ब्लीड करायच्या आधी तेल बघा, रबर बघा

मे महिन्यात सोनेगावच्या हँगरमध्ये भर दुपारी पत्र्याखाली उभं राहणं म्हणजे काय ते नागपूरकराला सांगायला नको. अशा वेळी एक स्टुडंट सेसना पार्क करून येतो, हेडसेट गळ्यात, घामाने चिंब, आणि म्हणतो, "सर, डावं पेडल फुसकं लागून राहिलं." झालं, आमचा नवीन पोट्टा पाना, नळी आणि तेलाची कुप्पी घेऊन थेट विमानाखाली. ब्लीड केलं, म्हणजे लाइनमधली हवा काढली, पेडल टाइट, सगळे खूश, तर्री पोहे मागवले. तिसऱ्या दिवशी परत डावं पेडल फुसकं, परत ब्लीड. मी स्वतः सुरुवातीची दोन वर्षं हेच करत होतो त्यामुळे कोणाला हसत नाही, पण पेडल नरम होण्याची सात-आठ कारणं असतात आणि लाइनमधली हवा हे त्यातलं फक्त एक आहे, एवढं जर तेव्हा कोणी कानात सांगितलं असतं ना, तर माझे बरेच रविवार वाचले असते.

हे सगळं छोट्या विमानांबद्दल आहे, सेसना १५२, १७२, पायपरची पीए-२८, असली. आणि एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, लायसन्स नसेल तर फक्त बघा आणि शिका, हात लावू नका, विमान एएमईच्या, म्हणजे लायसन्सवाल्या मेंटेनन्स इंजिनिअरच्या सहीनेच सुटतं, आणि कामाचे आकडे तुमच्या विमानाच्या मेंटेनन्स मॅन्युअलमधले घ्यायचे, माझे नाही. पायलट लोकांनी मात्र नक्की वाचा, कारण अर्धं निदान तुमच्या पायात असतं आणि तुम्ही स्नॅग, म्हणजे बिघाडाची नोंद, लिहिताना "ब्रेक सॉफ्ट" एवढंच लिहून मोकळे होता.

तेल कुठलं, रबर कुठलं

गाडीचं ब्रेक ऑइल आणि या विमानांचं ब्रेक ऑइल या दोन पूर्णपणे वेगळ्या वस्तू आहेत. नाव सारखं म्हणून गोंधळ होतो.

गाडीत, स्कूटरमध्ये डॉट-३ किंवा डॉट-४ असतं. याला आपण ऑइल म्हणतो पण ते तेल नाहीच, ते ग्लायकॉल इथर नावाचं रसायन आहे, डॉट-४ मध्ये त्याच्या जोडीला बोरेट एस्टर. हे हवेतलं पाणी ओढून घेतं, मीठ पावसाळ्यात ओढतं तसं. ताजं डॉट-३ निदान २०५ डिग्रीला उकळतं, पण त्यात ३.७ टक्के पाणी मुरलं की हीच मर्यादा १४० वर येते. डॉट-४ चं तसंच, २३० वरून १५५. म्हणून गाडीवाले दर दोन वर्षांनी बदला म्हणतात.

सेसना-पायपरमध्ये जे जातं ते लाल रंगाचं, एमआयएल-पीआरएफ-५६०६. जुने लोक मिल-एच-५६०६ म्हणतात, आम्ही नुसतं छप्पन झिरो सहा. हे मात्र खरं तेल, खनिज तेल, पेट्रोलियममधून निघालेलं, एकदम पातळ. त्यात एक लांब साखळीचं पॉलिमर टाकलेलं असतं जे थंडीत गुंडाळी करून बसतं आणि तापलं की पसरतं, त्यामुळे तेल गरमीत अगदी पाणी होत नाही आणि थंडीत घट्ट होत नाही. उणे ५४ पासून १३५ डिग्रीपर्यंत चालावं असं ते बनवलंय, म्हणजे २०१३ च्या मे महिन्यातलं आपलं ४७.९ आणि २०१८ च्या डिसेंबरातलं ३.५ हे दोन्ही त्याच्या दृष्टीने किरकोळ. बाकी थोडं झीज कमी करणारं रसायन, ऑक्सिडेशन थांबवणारं रसायन, आणि लाल डाय. तो लाल रंग शोभेसाठी नाही बरं का, गळती दिसावी आणि ओळख पटावी म्हणून आहे.

त्याचाच सिंथेटिक भाऊ म्हणजे ८३२८२. तोही लाल. ५६०६ चा फ्लॅश पॉइंट ८२ डिग्रीच्या आसपासपासून सुरू होतो, म्हणजे लालभडक तापलेल्या डिस्कवर गळालं तर पेटायला वेळ नाही लागत, आणि ८३२८२ चा २०५ च्या वर. दोन्ही एकमेकांत मिसळतात, रबरही एकच चालतं, पण मॅन्युअलने परवानगी दिली असेल तरच बदलायचं. तिसरं स्कायड्रॉल, जांभळं, फॉस्फेट एस्टर, ते मोठ्या जेटमध्ये. आपल्याकडे मिहानला एमआरओ, म्हणजे मोठ्या विमानांच्या दुरुस्तीचा कारखाना आहे त्यामुळे नागपुरात हा प्रकार काही परका नाही, पण छोट्या विमानाच्या आसपास तो डबा आणायचाही नाही, रंग खातो, कातडी भाजते आणि आपले सील तर काही विचारू नका.

आता मुद्दा रबराचा, आणि हाच सगळ्यात महत्त्वाचा. ५६०६ वाल्या ब्रेकमध्ये नायट्राइल रबराचे ओ-रिंग, म्हणजे गोल सील, असतात, बुना-एन म्हणतात ते. खनिज तेलात नायट्राइल किंचित फुगतं, आणि ते फुगणं हिशोबात धरलेलं असतं, त्यामुळेच सील नीट बसतं. गाडीत ईपीडीएम रबर असतं, ते ग्लायकॉलमध्ये मस्त राहतं पण खनिज तेलात टाकलं की फुगून बेडूक होतं. आणि उलटं, नायट्राइल डॉट-३ मध्ये टाकलं की ते हळूहळू फुगतं, मऊ पडतं, ताकद जाते. म्हणजे तेल आणि रबर ही लग्नाची जोडी आहे, एकाला बदललं की दुसऱ्याचं वाटोळं. माझ्या बेंचवर होमिओपॅथीच्या रिकाम्या बाटलीत ५६०६ आणि त्यात स्कूटरच्या कॅलिपरचं (डिस्कला दोन्हीकडून दाबणाऱ्या भागाचं) एक सील टाकून ठेवलंय. जो नवीन येतो त्याला ते आणि त्याच मापाचं नवं कोरं सील शेजारी ठेवून दाखवतो. लेक्चरची गरज नाही पडत.

हे मी एवढं घोळवून सांगतोय कारण एका ठिकाणी, नाव नको, एक १५२ बघायला बोलावलं होतं. तक्रार अशी की दोन्ही पेडल नरम, पण टॅक्सी करताना, म्हणजे जमिनीवर विमान चालवताना, चाकं जड, ब्रेक सुटतच नाही. आता नरमही आणि चिकटूनही, हे ऐकायलाच विचित्र. कॅलिपरच्या ब्लीडरला (हवा-तेल काढायच्या छोट्या स्क्रूला) पारदर्शक नळी लावून थोडं तेल काढलं आणि नळी उभी धरली. खाली मधासारखा पिवळसर थर आणि वर लाल थर, मधे स्वच्छ रेघ, हॉटेलात सरबत देतात ना दोन रंगांचं, अगदी तसं. ग्लायकॉल जड आहे, तेल हलकं, एकमेकांत मिसळत नाहीत, त्यामुळे कोणीतरी वरून मास्टर सिलिंडरमध्ये, म्हणजे पेडलपाशी दाब तयार करणाऱ्या सिलिंडरमध्ये, टाकलेलं डॉट-३ आपल्या वजनाने खाली कॅलिपरमध्ये जाऊन बसलं होतं. हेल्परला विचारलं तर तो अगदी निरागसपणे म्हणाला, "भाऊ, ब्रेक ऑइलच तर होय, गाडीत चालते तर विमानात काहून नाही चालणार? लाल डबा संपला होता ना." त्याची चूक मी कमी धरतो. डब्यावर आणि फिलरपाशी (तेल भरायच्या तोंडापाशी) काय घालायचं ते लिहिलेलं नव्हतं, आणि त्याला कोणी सांगितलंही नव्हतं. कॅलिपर उघडला तर पिस्टनचा ओ-रिंग खाचेतून बाहेर येऊ पाहत होता, नखाने दाबलं तर खूण तशीच राहिली. फुगलेल्या रिंगने पिस्टन धरून ठेवला म्हणून ब्रेक सुटेना, आणि वर मास्टर सिलिंडरमध्ये मऊ पडलेली रिंग दाब धरेना म्हणून पेडल नरम. कोडं सुटलं पण बिल वाढलं, कारण अशा वेळी नुसतं तेल बदलून भागत नाही. सगळं रिकामं करायचं, लाइन मॅन्युअलमध्ये सांगितलेल्या सॉल्व्हंटने धुवून कोरड्या करायच्या, दोन्ही बाजूचा एकूण एक ओ-रिंग आणि रबरी होज बदलायचे. "थोडंच तर पडलं होतं" हे बोलणं इथे चालत नाही.

ओळखायची सोपी युक्ती सांगतो. काचेच्या ग्लासात पाणी घ्या आणि सिस्टिममधल्या तेलाचे दोन-तीन थेंब टाका. लाल तेल वर तरंगून बसेल. ग्लायकॉल असेल तर पाण्यात विरून जाईल. ही लॅब टेस्ट नाही पण दहा सेकंदात संशय तरी मिटतो. आणि हो, काही युरोपियन हलक्या विमानांत कारखान्यातूनच डॉट-४ असतं, तिथे ५६०६ घालणं हाच गुन्हा. म्हणून विमान बघून ठरवायचं नाही, प्लॅकार्ड आणि मॅन्युअल बघून.

तेलाचा रंगही बघा. ताजं ५६०६ चेरीच्या सरबतासारखं लाल आणि आरपार दिसतं. तपकिरी, काळपट, तळाशी चिखल असेल तर ते तापून जळलंय किंवा रबराचा चुरा त्यात आलाय. ५६०६ पाणी पीत नाही, त्यामुळे आत आलेलं पाणी वेगळंच राहतं आणि सगळ्यात खालच्या जागी, म्हणजे कॅलिपरमध्ये जमतं, तिथे बोअरला गंज धरतो, खड्डे पडतात, मग त्या खड्ड्यावरून नवा ओ-रिंगही गळतो.

पाय काय सांगतो

तेल बरोबर आहे हे पक्कं झालं की मग पेडल. इथे घाई करू नका, विमान उभं, चाकांना चॉक (अडकण), आणि सीटवर बसून एकेक पेडल दाबा.

पहिल्या दाबात खोल जातं, दोन-तीनदा पंप केलं की वर येऊन घट्ट होतं. ही हवा असू शकते. पण लायनिंग, म्हणजे डिस्कवर घासणारा पॅड, झिजलं असेल तरी किंवा वाकडी डिस्क पिस्टनला मागे ढकलत असेल तरी हेच होतं, कारण पिस्टनला लांबचा प्रवास करावा लागतो. म्हणून ब्लीड करायच्या आधी टॉर्च घेऊन लायनिंगची जाडी बघा, क्लीव्हलँड कंपनीच्या ब्रेकला साधारण अडीच मिलिमीटरच्या खाली गेलं की बदलायची वेळ झाली, नेमका आकडा मॅन्युअलमध्ये.

घट्ट लागतं, पण पाय तसाच दाबून ठेवला की हळूहळू खाली सरकत जातं, आणि बाहेर कुठे एक थेंब नाही. हे मास्टर सिलिंडरच्या आतलं लीक. तेल पिस्टनच्या ओ-रिंगवरून मागे निघून जातंय. यात एक गंमत आहे, जोरात लाथ मारल्यासारखं दाबलं तर रिंग दाबली जाऊन सील होते आणि पेडल एकदम ठीक वाटतं, हलक्या पायाने दाबलं तरच सरकतं. म्हणून मी दोन्ही प्रकारे बघतो, हलक्या पायाने पूर्ण एक मिनिट. आमच्या त्या तिसऱ्या दिवशी परत येणाऱ्या स्नॅगमागे हेच होतं, ब्लीड करून त्याला काहीही फरक पडणार नव्हता, सिलिंडर उघडून पाचेक रुपयांच्या दिसणाऱ्या पण सर्टिफिकेटसकट येणाऱ्या रिंगा बदलल्या आणि विषय संपला.

स्पंजसारखं लागतं, कितीही पंप केलं तरी. हवा, किंवा जुने होज दाबाखाली फुगतायत. दुसऱ्याला पेडल दाबायला सांगा आणि होजला हात लावून बघा, जिवंत असल्यासारखा हलला तर तोच. तिसरी शक्यता बरेच जण विसरतात, कॅलिपर दोन पिनांवर पुढेमागे सरकायला पाहिजे, त्या पिना मातीने जाम झाल्या की एकाच बाजूचं लायनिंग लागतं आणि सगळा कॅलिपर वाकून पेडलला तो स्पंजी फील येतो. पिना साफ करा, सुक्या ठेवा, ग्रीस लावू नका, आपल्या उन्हाळ्यातली धूळ त्या ग्रीसवर बसली की ते पॉलिश पेपरचं काम करतं.

आणि पेडल दगडासारखं घट्ट पण विमान थांबत नाही, हे नरम ब्रेकच्या खात्यात टाकू नका. तिथे लायनिंग चकचकीत झालंय किंवा त्यावर तेल पडलंय. तेल पडलेलं लायनिंग घासून, जाळून परत बसवणारे लोक मी बघितलेत. बदला हो, एवढं काय.

काही वेळा बिघाड सांगणाऱ्यातच असतो. २०२४ च्या मे मध्ये नागपुरात ५६ डिग्रीचा आकडा आला होता आणि देशभर गाजला, नंतर सेन्सरच बिघडलेला निघाला. आमच्याकडे एकदा उंच पायलटचं पेडल ठीक आणि ठेंगण्या पायलटचं नरम असा स्नॅग होता. ठेंगण्याची सीट मागे, पाय पूर्ण पोचत नव्हता. सीट पुढे घेतली, ब्रेक दुरुस्त.

हवा एवढी वाईट काहून

मेडिकल स्टोअरमधून दहा मिलीची सिरिंज आणा. पाणी भरा, तोंड अंगठ्याने बंद करा, दाबा. हलत नाही. आता हवा भरा आणि दाबा. एवढंच आहे सगळं. ३० बार दाबाखाली तेल जेमतेम ०.२ टक्के आकसतं, पण हवेचा बुडबुडा जवळपास तीसाव्या हिश्शाएवढा होतो. तुमच्या पायाची सगळी चाल त्या बुडबुड्याला चेपण्यात जाते, कॅलिपरपर्यंत काही पोचतच नाही.

आणि बुडबुडा गरमीने जागेवरच तयार होऊ शकतो. हिशोब करून बघा, ११०० किलोचं सेसना १७२, ५० नॉट्सवरून फक्त ब्रेकने थांबवलं तर साडेतीन लाख ज्यूलच्या वर उष्णता निघते. तेवढ्यात सव्वा लिटर पाणी ३० डिग्रीपासून उकळीपर्यंत जातं, दहा कप चहाचं पाणी, आणि हे सगळं दोन पातळ डिस्कमध्ये. खरं तर हवेचा रोध आणि टायर त्यातलं बरंच खातात म्हणून एवढं तापत नाही, पण ब्रेकवर पाय ठेवून टॅक्सी करणारे स्टुडंट ही कसर भरून काढतात. कॅलिपरच्या तळाशी जमलेलं ते पाणी १०० डिग्रीच्या आसपास वाफ होऊ पाहतं. पेडल दाबलेलं असताना दाबामुळे ते थोपून राहतं, पाय काढला की वाफ, आणि पुढच्या वेळी पेडल थेट फ्लोअरला. म्हणून पहिला ब्रेक लागला आणि दुसरा गेला अशी तक्रार आली की मी पाणी आणि उष्णता शोधतो.

यावर पायलटने करायची गोष्ट फुकट आहे. आपला रनवे ३२०० मीटरचा, एअरबस-बोइंग उतरतात तिथे. १५२ ला तिथे ब्रेक लावायची घाई कशाला, टॉवरने घाई केली नसेल तर विमानाला आपलं आपण हळू होऊ द्या. टॅक्सीत पॉवर जास्त आणि वरून ब्रेक असं करू नका, आधी थ्रॉटल कमी करा. टाचा फ्लोअरवर ठेवा, नाहीतर त्याच पेडलने रडर (शेपटाचं सुकाणू) मारताना नकळत ब्रेक लागतो. ज्या विमानांचं पुढचं चाक मोकळं फिरतं, डीए-४० सारखं, त्यात वळायलाच ब्रेक लागतो तिथे हे दुप्पट लक्षात ठेवा.

पार्किंग ब्रेकचं पण सांगतो. सकाळी २८-३० डिग्रीत पार्किंग ब्रेक ओढून विमान उन्हात सोडलं आणि दुपारी ४५ झालं की बंद लाइनमधलं तेल एक-सव्वा टक्का फुगतं, जायला जागा नाही, सगळा ताण सील आणि होजवर. मग संध्याकाळी थंड झालं की उलटं. तापलेल्या ब्रेकवर तर पार्किंग ब्रेक लावूच नये असं मॅन्युअलच सांगतं. चॉक लावा, ब्रेक सोडा, दोरी बांधा.

आता ब्लीड, खालून वर

हवाच आहे असं ठरलं की ब्लीड. गाडीत वरून पेडल पंप करतात आणि खालून काढतात. विमानात खालून वर ढकलायचं. हवा हलकी, तिला वरच जायचंय, तिच्या मनासारखं केलं की काम पटकन होतं. विमानाचे मास्टर सिलिंडर इवलेसे, एका दाबात तेल जातं थोडंसं, त्यामुळे वरून पंप केलं तर बुडबुडा अर्ध्या लाइनपर्यंत जातो आणि परत वर येतो, दिवसभर हाच खेळ.

नवा सीलबंद डबा फोडा. मागच्या वर्षी फोडलेला, झाकणाऐवजी चिंधी लावलेला डबा नको. ऑइल कॅन स्वच्छ पाहिजे आणि फक्त ५६०६ साठी राखीव, त्यावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा. पारदर्शक नळी दोन तुकडे, एक रिकामी बाटली, चिंध्या, हातमोजे, चष्मा. हातमोजे यासाठी की ५६०६ मध्ये ट्रायक्रेसिल फॉस्फेट असतं, रोज हात बुडवायची वस्तू नाही ती.

पार्किंग ब्रेक सोडलेला पाहिजे. हे पहिलं, कारण नाहीतर वरचा रस्ताच बंद आणि तुम्ही खालून दाबत बसाल. मग पेडल पूर्ण मागे आलंय ना ते हाताने ओढून बघा. सेसनाच्या मास्टर सिलिंडरमध्ये पेडल पूर्ण सुटल्यावरच रिझर्व्हॉयरकडचा, म्हणजे तेलाच्या साठ्याकडचा मार्ग उघडतो. मॅट अडकलीय, स्प्रिंग ढिली आहे, लिंकेज जाम आहे, तर मार्ग बंदच राहतो, हवा बाहेर येत नाही, आणि टॅक्सी करताना हाच प्रकार झाला तर दाब अडकून ब्रेक घासत राहतो.

सेसनात फिलर पायलटच्या पेडलपाशी मास्टर सिलिंडरवरच असतो, वाकून, मान मोडून काम. फिलरचा प्लग काढून तिथे एक नळी बसवा आणि तिचं दुसरं टोक बाटलीत, नाहीतर कार्पेटला लाल रंग कायमचा. पीए-२८ मध्ये रिझर्व्हॉयर फायरवॉलवर इंजिनच्या बाजूला, ते आरामाचं, पण तिथे हँडब्रेकचा सिलिंडर वेगळा आणि को-पायलटच्या पेडलला स्वतःचे सिलिंडर असतील तर तेल एकातून दुसऱ्यात असं फिरत जातं, मधे कुठे नळीला उंचवटा असेल तर हवा तिथे दडून बसते. तिथे धीर धरावा लागतो, पेडल हाताने हलकं हलकं हलवत राहायचं.

कॅलिपरच्या ब्लीडरभोवतीची माती आधी पुसा. नळी ऑइल कॅनला लावून तेलाची धार येईपर्यंत दाबा, म्हणजे नळीतच हवा राहायला नको, हे विसरलं की आपणच एक फूटभर हवा आत ढकलतो, आणि हसू नका, मी दोनदा केलंय. तेल गळत असतानाच नळी ब्लीडरवर चढवा, ब्लीडर अर्धा फेरा उघडा, आणि सावकाश पंप करा. सावकाश. जोरात केलं की तेलाला फेस येतो आणि मग ते बारीक बुडबुडे बसायला वेळ लागतो. वर एक माणूस पाहिजे जो बाटलीतल्या नळीकडे बघत सांगेल, आधी जुनं काळपट, मग बुडबुडे, मग स्वच्छ लाल अखंड धार. अखंड धार आल्यावरही थोडं जाऊ द्या. मग खालचा दाब न सोडता ब्लीडर बंद करा, मगच नळी काढा. टॉर्क मॅन्युअलप्रमाणे, छोटे ब्लीडर जास्त आवळून तोडणारे पैलवान खूप आहेत. दुसरी बाजू तशीच.

वरच्या बाटलीत बुडबुडे सतत येत असतील, संपतच नसतील, तर ती लाइनमधली हवा नसेल, ऑइल कॅनच्या नळीच्या सैल टोकातून आत जात असेल. नळी बदला, नाहीतर अर्धा डबा वाया.

रिझर्व्हॉयर काठोकाठ भरू नका. थोडी जागा सोडा, मे मध्ये तेल फुगून बाहेर येतं आणि मग "लीक आहे" म्हणून नवीन स्नॅग. प्लगमधलं बारीक भोक मोकळं आहे ना बघा, ते बुजलं की तेल खाली उतरताना वर व्हॅक्यूम होतो आणि परत हवा ओढली जाते. बाटलीत आलेलं तेल, कितीही स्वच्छ दिसलं तरी, परत विमानात नाही.

मग दोन्ही पेडल हलक्या पायाने एक मिनिट, जोराने एक मिनिट. ब्लीडर, जोड, कॅलिपर सगळीकडे बोट फिरवून बघा. नवीन लायनिंग टाकलं असेल तर कंडिशनिंग वेगळं करावं लागतं, ऑरगॅनिक लायनिंगला हळू टॅक्सीत ब्रेक लावत तापवून मग दहा-पंधरा मिनिटं थंड होऊ द्यायचं असतं आणि मेटॅलिकचा प्रकार वेगळा, ते न करता विमान दिलं तर ब्रेक लागत नाही म्हणून संध्याकाळी ते परत तुमच्याच दारात. जुलै-ऑगस्टमध्ये विमान चार दिवस उभं असेल तर डिस्कवर गंजाचा तांबूस थर येतो, तोही पहिल्या दोन-तीन ब्रेकात जातो, त्याला घाबरून कॅलिपर उघडू नका. लॉगमध्ये लिहिताना "ब्रेक ब्लीड केला" एवढंच नाही, कुठल्या पेडलला काय होतं, तेल कोणत्या रंगाचं निघालं, काय बदललं, सगळं लिहा. पुढच्या वेळी तोच स्नॅग आला तर तेच वाचून काम सुरू होतं.

हँगर बंद करताना दोन्ही कॅलिपरच्या बरोबर खाली कालचा पेपर अंथरतो मी. सकाळी आल्यावर आधी तोच बघतो. कोरडा असेल तर विमान लाइनवर. लाल ठिपका असेल तर तो पेपरवर नेमका कुठे पडलाय ते बघून वर मान केली की गळणारा नट किंवा रिंग समोरच असते.